करार संपत आला की शेवटचा शब्द कोणाचा

24 नोव्हेंबर 2024. सौदीतल्या जेद्दाहमध्ये आयपीएलचा मोठा लिलाव चालू होता आणि अमरावतीच्या जितेश शर्माचं नाव पुकारलं गेलं. हा यष्टिरक्षक-फलंदाज तोवर तीन हंगाम पंजाब किंग्जकडे होता. 2022 मध्ये पंजाबने त्याला घेतलं होतं मूळ किमतीत, म्हणजे 20 लाखांत. या वेळी बंगळुरूची बोली 7 कोटींवर जाऊन थांबली. नियमाप्रमाणे पंजाबला विचारणा झाली: तुमचा जुना खेळाडू आहे, राइट टू मॅच, म्हणजे बोलीइतकाच भाव देऊन परत घेण्याचा बरोबरीचा हक्क, वापरणार का? पंजाबने होकार दिला. मग बंगळुरूला सांगण्यात आलं की आता तुमचा शेवटचा आकडा बोला. बंगळुरू 7 वरून थेट 11 कोटींवर गेलं. पंजाबने माघार घेतली आणि जितेश बंगळुरूचा झाला.

क्रिकेट बघणाऱ्यांनी हा प्रसंग करमणूक म्हणून पाहिला असेल. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर करार संपत आलेल्या कुठल्याही तरुण खेळाडूची सगळी गोष्ट त्यात आहे. पैसा किती हा प्रश्न नंतरचा. त्याआधी बघायचं असतं की बाहेरचा भाव कळल्यावर ‘ठेवतो’ किंवा ‘सोडतो’ म्हणण्याचा हक्क कोणाच्या हातात आहे. अमेरिकेत बास्केटबॉलवाले यावर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. आपल्याकडे तो हक्क करारपत्राच्या कुठल्यातरी कलमात बसलेला असतो आणि सही करणारा तिथपर्यंत वाचतच नाही.

जितेशच्या बाबतीत काय घडलं ते आधी नीट पाहू. गोंदियाचा पोरगा असो की बुलढाण्याचा, विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांना क्रिकेटमध्ये दार एकच, नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन. जितेशही त्याच दारातून आला. आयपीएलमध्ये आधी तो मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, पण सामना एकही मिळाला नाही. मग पंजाब. लिलावात एकदा नाव लागलं की पुढच्या हंगामाला ठेवायचं की मोकळं करायचं, हे संघ ठरवतो. खेळाडू चांगला खेळला म्हणून आपण होऊन उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. मोठा लिलाव येईपर्यंत वाट पाहायची.

तो आला 2024 च्या अखेरीस. त्या वर्षी संघाला जास्तीत जास्त सहा जुने खेळाडू राखता येणार होते, काही आधीच कायम ठेवून आणि उरलेले लिलावात राइट टू मॅच वापरून. आधीच ठेवायचं तर दरपत्रक ठरलेलं होतं. आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्यांपैकी पहिल्याला 18 कोटी, दुसऱ्याला 14, तिसऱ्याला 11, आणि पुढच्या दोघांना पुन्हा 18 व 14. भारताकडून न खेळलेल्याला 4 कोटी, आणि असे दोनच. संघाची एकूण थैली 120 कोटींची.

आता गंमत बघा. 3 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध जितेश भारताकडून पहिला सामना खेळला. डोक्यावर भारताची टोपी आली आणि त्याच दिवशी 4 कोटींच्या रांगेतून त्याचं नाव कटलं. पंजाबने भारताकडून न खेळलेले दोघे ठेवले, शशांक सिंग दरपत्रकाहून जास्त, साडेपाच कोटींत आणि प्रभसिमरन सिंग 4 कोटींत. जितेशला ठेवायचं तर दरपत्रकातली पहिलीच पायरी 18 कोटींची, आणि ती कोणी चढणार नव्हतं. म्हणून तो लिलावात गेला. भारताकडून खेळला नसता तर कदाचित 4 कोटींत अडकून पडला असता.

दुसरी गोष्ट नियमातल्या एका ओळीची. 2018 च्या लिलावातही राइट टू मॅच होता, पण तेव्हा जुन्या संघाने शेवटच्या बोलीइतकी रक्कम कबूल केली की विषय संपला. प्रतिस्पर्ध्याला पुन्हा बोलायची मुभा नव्हती. तोच नियम राहिला असता तर जितेश 7 कोटींत पंजाबला परत गेला असता. 2024 मध्ये ‘समोरच्याला एकदा भाव वाढवू द्यावा’ एवढीच भर पडली आणि तिचे त्याला दर हंगामाचे 4 कोटी मिळाले. त्याच दिवशी अर्शदीप सिंगच्या वेळीही हेच झालं. हैदराबादची बोली पावणेसोळा कोटींची होती, वाढवून ती 18 झाली, आणि तिथे मात्र पंजाबने ते 18 मोजून आपला गोलंदाज परत घेतला. खेळाडूला दोन्हीकडे फायदाच. फरक इतकाच की एकाचं गाव बदललं, दुसऱ्याचं नाही.

हा हक्क वरवर निरुपद्रवी दिसतो. जुन्याने बाहेरच्याइतकाच भाव दिला तर खेळाडूचं काय गेलं? ज्यांच्या धानाच्या बांध्या दरसाल ठेक्याने जातात त्यांना विचारा. ‘बाहेरचा जो भाव देईल तो तू दिलास तर बांधी तुझीच’ असं आधीच्या वाहणाऱ्याशी एकदा कबूल केलं की दोन-तीन वर्षांत बाहेरचे फिरकेनासे होतात. येऊन करायचं काय? धुऱ्यावरून फिरायचं, पाणी कुठून येतं ते बघायचं, हिशोब मांडायचा, भाव सांगायचा, आणि शेवटी जमीन जुन्याच्याच हातात. आपल्या मेहनतीचा उपयोग दुसऱ्याला भाव कळण्यापुरता. बाहेरचे आले नाहीत की भाव दबतो, आणि तो कोणी दाबला हे दाखवता येत नाही. लिलावाच्या सभागृहात सगळे आधीच जमलेले असतात म्हणून तिथे हे तितकंसं जाणवत नाही. लिलाव नसतो तिथे मात्र हाच हक्क फास होतो.

अमेरिकेच्या एनबीएमध्ये लिलाव नसतो. तिथे ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा करार चार वर्षांचा. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. रक्कमही कितव्या क्रमांकाला निवड झाली यावरून तक्त्यातून येते, घासाघिशीला फारशी जागा नाही. (दुसऱ्या फेरीतल्याला एवढंही संरक्षण नाही. 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएच्या मुख्य स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.)

खरी घालमेल सुरू होते तिसरा हंगाम संपल्यावर. चौथा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईपर्यंत संघ आणि खेळाडू मुदतवाढीवर सही करू शकतात. ही मुदतवाढ पाच वर्षांपर्यंतची असू शकते आणि तिच्या पहिल्या वर्षाचं मानधन संघाच्या खर्चमर्यादेच्या 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. मोठे सन्मान मिळवलेल्याला 30 टक्क्यांपर्यंत. 2025-26 ची मर्यादा सुमारे 15.46 कोटी डॉलर होती, म्हणजे तिचे 25 टक्के झाले पावणेचार कोटी डॉलरहून थोडे जास्त. अर्थात एवढं बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळतं. बाकीच्यांपुढे बेताची रक्कम येते आणि ‘आत्ता घेऊ की एक वर्ष थांबू’ हा प्रश्न उभा राहतो.

जो थांबतो तो चौथा हंगाम जुन्याच पगारावर खेळतो. त्यानंतर जूनअखेर संघ त्याला एक वर्षाचा प्रस्ताव देतो, त्याला तिथे क्वालिफाइंग ऑफर म्हणतात. तो कागद पुढे केला की खेळाडू ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होतो. नाव मुक्ततेचं असलं तरी दावं गळ्यातच असतं. बाहेरचा संघ त्याला किमान दोन वर्षांचा लेखी प्रस्ताव देऊ शकतो, आणि जुना संघ तो जसाच्या तसा मान्य करून खेळाडू ठेवून घेऊ शकतो. जुना संघ विचार करत असताना बाहेरच्याचे पैसे मात्र अडकून पडतात. आयपीएलसारखी शेवटची वाढीव बोलीही इथे नाही. एकच आकडा, एकदाच. 2022 मध्ये इंडियानाने डिआंद्रे एटनला चार वर्षांचे सुमारे 13.3 कोटी डॉलर देऊ केले. फिनिक्सने त्याच दिवशी ते मान्य केले. बाहेरचे संघ अशा वेळी प्रस्ताव द्यायला कचरतात ते यामुळेच.

म्हणून ज्याला खरोखरच खेळाडू हवा असतो तो प्रस्तावात जुन्याला पचणार नाही असं काहीतरी घालतो. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या जेरेमी लिनला ह्यूस्टनने तीन वर्षांचे 2.51 कोटी डॉलर देऊ केले, पण तिसऱ्या वर्षाचा हप्ता दीड कोटीच्या घरात ठेवला. त्या वर्षी न्यूयॉर्कवर आधीच मोठ्या पगारांचा बोजा होता, वर दंडाचा कर बसला असता. न्यूयॉर्कने हात वर केले.

तिसरा मार्ग जिगरबाजांचा. तो एक वर्षाचा प्रस्ताव घ्यायचा, वर्षभर थोडक्या पैशांत खेळायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुरतं मोकळं व्हायचं. मग जुन्या संघाला बरोबरीचा हक्क उरत नाही. इथे किंमत मोजायची असते ती शरीराची. 2017 मध्ये नेरलेन्स नोएलने डॅलसचे चार वर्षांचे 7 कोटी डॉलर नाकारल्याच्या बातम्या होत्या. त्याने घेतला 41 लाखांचा एक वर्षाचा प्रस्ताव. त्या हंगामात अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, सामने थोडेच खेळता आले, आणि पुढचा करार किमान मानधनाच्या आसपासचा निघाला. पण थांबण्याची जोखीम जिमी बटलरला फळली. 2014 मध्ये त्याने शिकागोची मुदतवाढ नाकारली, चौथ्या हंगामात ‘सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू’ ठरला आणि 2015 च्या उन्हाळ्यात पाच वर्षांचा 9 कोटी डॉलरहून मोठा करार घेतला. दोघांची उदाहरणं नेहमी शेजारी ठेवली जातात आणि त्यातून धैर्याचे धडे काढले जातात. मला ते पटत नाही. अंगठा दुखावणं आणि न दुखावणं यात धैर्याचा काही संबंध नाही. बघण्यासारखं एवढंच की जोखीम घेताना कोणाच्या घरी वर्षभर कळ काढण्याची ऐपत होती.

2025 च्या उन्हाळ्यात हे सगळे मार्ग एकाच वेळी दिसले. मोठी रक्कम मोकळी असलेला संघ त्या वर्षी जवळजवळ एकच होता, ब्रुकलिन. खरेदीदारच नाहीत म्हटल्यावर चार नावाजलेले तरुण महिनोन्‌महिने ताटकळले. शिकागोच्या जॉश गिडीने अखेर चार वर्षांचे 10 कोटी डॉलर घेतले. गोल्डन स्टेटच्या जोनाथन कुमिंगाने दोन वर्षांचे 4.85 कोटी घेतले, पण दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. ब्रुकलिनच्या कॅम थॉमसने सुमारे 60 लाख आणि फिलाडेल्फियाच्या क्वेंटिन ग्राइम्सने सुमारे 87 लाख डॉलरचा एक वर्षाचा प्रस्ताव उचलला.

कुमिंगाच्या करारातले ‘दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर’ हे शब्द बातमीत शेवटी येतात, आणि माझ्या मते महत्त्वाचे तेच. शेवटचं वर्ष संघाच्या मर्जीवर असेल तर खेळाडू चांगला खेळला तर स्वस्तात अडकतो, वाईट खेळला तर बाहेर. तेच वर्ष खेळाडूच्या मर्जीवर असेल तर चित्र नेमकं उलटं: चांगला खेळला तर बाहेर पडून भाव वाढवतो, वाईट खेळला तर ठरलेले पैसे हातात आहेतच. बटलरने पाचवं वर्ष आपल्या मर्जीवर ठेवून घेतलं होतं.

फुटबॉलमध्ये हे भांडण केव्हाच मिटलं. 1995 मध्ये युरोपच्या न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या बाजूने निकाल दिला आणि मुदत संपलेल्या खेळाडूवर जुन्या क्लबचा दावा उरला नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. करार पाच वर्षांहून लांब नसावा, आणि अठराच्या आतल्याचा तीन वर्षांहून. मात्र तेविशीच्या आतल्याला घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई मिळू शकते. आपल्याकडे हे सगळं सांभाळणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष 2022 पर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल होते, पण जिल्ह्यात फुटबॉलचा करार पाहिलेला माणूस शोधावा लागेल.

बरोबरीचा हक्क भारतीय कायद्यात टिकतो का? याचं उत्तर एका मराठी खेळाडूच्या खटल्यात आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानने ऑक्टोबर 2000 अखेरीपासून तीन वर्षांसाठी आपल्या जाहिरातींचं काम पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीला दिलं होतं. करारात कलम होतं की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर झहीरने तो आधी या कंपनीला लेखी कळवावा, तेवढ्याच रकमेची संधी द्यावी, आणि तोवर तो स्वीकारू नये. 2003 मध्ये मुदत संपली, झहीरने दुसरी कंपनी गाठली, आणि जुनी कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकल न्यायाधीशांनी मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं उचलून धरलं. आधार होता 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27. माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. मुदत चालू असताना ‘दुसरीकडे काम करू नकोस’ म्हणता येतं, मुदत संपल्यावर नाही. निकाल जाहिरातींच्या कराराचा होता, खेळण्याच्या नाही, हे ध्यानात ठेवावं. पण तरुण खेळाडूपुढे सर्वात आधी येणारं करारपत्र बहुधा एजंटचंच असतं, त्यामुळे पहिला उपयोगही तिथेच.

आता गोंदियाच्या बास्केटबॉलकडे. इथल्या मुलीला या खेळात पुढे जायचं तर वाट पूर्वेला जाते. हावड्याकडच्या गाडीने डोंगरगड ओलांडलं की राजनांदगाव, तिथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र. पुढे भिलाई, जिथे पोलाद कारखान्यातले प्रशिक्षक राजेश पटेल यांनी छत्तीसगडच्या मुलींचा दबदबा उभा केला. त्यांनी घडवलेल्या मुली पुढे रेल्वेत गेल्या. देशातल्या महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं वरचढ राहिलाय, आणि गोंदिया स्टेशन ज्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतं तिचं मुख्यालय बिलासपूरला आहे. म्हणजे इथे ‘मोठा करार’ याचा अर्थ खेळाडू कोट्यातली नोकरी. रक्कम लहान, पण मुदत निवृत्तीपर्यंत, आणि गुडघा गेला तरी पगार चालू. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, म्हणजे नागपूरला खेप आलीच.

व्यावसायिक लीगही येताहेत. बास्केटबॉल महासंघाच्या मान्यतेने जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पंचविशीच्या आतल्यांची आयएनबीएल प्रो लीग सहा संघांनिशी सुरू झाली, त्यात मुंबई टायटन्स होता. अशा लीगचा करार काही आठवड्यांचा. नोकरीतल्या खेळाडूला तिथे जायचं तर नियोक्त्याचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे वरिष्ठ ठरवतात. पाहिलंत तर शेवटचा शब्द इथेही खेळाडूकडे नाही, तो साहेबांच्या टेबलावर आहे. नेमणूकपत्रात ना-हरकतीची अट कशी लिहिली आहे आणि किती वर्षं सोडता येणार नाही, हे रुजू होण्याआधी वाचलेलं बरं. नंतर अर्ज करत बसावं लागतं.

क्लबचा किंवा एजंटचा कागद पुढे आला तर रकमेचा रकाना शेवटी वाचावा. आधी मुदत कुठल्या तारखेला संपते, आणि ती आपोआप वाढते का. वाढवायची तर कोणाच्या मर्जीने. दुखापत झाली तर पैसे चालू राहतात की थांबतात, आणि उपचार कोणाच्या खर्चाने. नाव आणि फोटो कोण वापरणार, मुदतीनंतरही का. एजंटचा टक्का खेळण्याच्या पैशावर आहे की घरी आलेल्या प्रत्येक रुपयावर, बक्षिसासकट. आणि वाद झाला तर निवाडा कुठे. कागदावर मुंबई किंवा दिल्ली लिहिलेलं असतं, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीहून तिथे तारखेला जाणं म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, किंवा चांगलं ठाऊक असतं.

खेळाडू अठराच्या आतला असेल तर आणखी एक. त्याच करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, आणि 1903 च्या मोहरीबीबी खटल्यापासून असा करार मुळातच रद्द मानला जातो. म्हणून अशा कागदावर आईवडिलांची सही मागतात. ती ‘पालक’ म्हणून घेतली आहे की ‘जामीनदार’ म्हणून, ते सहीच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं.